पुढचं पान

नवे पैसे आले त्या साली, "तपकीर सुटंल तवाच येईन," असं बजावून मल्हारी सुताराची बायको माहेरी निरगुडसरला निघून गेली.

ओतूरचा पुनमचंद वाणी तपकिरीच्या पुड्या पाद्रीबाबांनी फुकट वाटलेल्या पुस्तकाच्या पानांत बांधी. शेवटची म्हणून आणलेल्या पुडीच्या कागदावर मल्हारीनं वाचलं: सगळं उधळून बसलेला पोरगा पस्तावून बापाच्या घराकडं निघाला. मल्हारीचे डोळे भरून आले. बापानं त्याला घरात घेतलं असेल, तर आपणही सुधारायचं, असं त्यानं ठरवलं. पण पान तिथंच संपलं होतं.

महिन्यानं मेव्हणा आला. "दाजी, सुटली का तपकीर? अक्का लई वाट बघतीया."



"सोडलीच समजा, पावणं! पुढचं पान तेवढं घावू द्या," म्हणत मल्हारीनं शिंकत शिंकत आणखी एक पुडी उलगडली.