बिनचित्रांचं मासिक

“एक चित्र नाही, राशिभविष्य नाही, साबणाची जाहिरातसुद्धा नाही! असलं मासिक घेतं तरी कोण?” म्हाकूबाईनं सुनेचा लेख छापलेला अंक खाटेवर टाकला.

“संशोधन पत्रिका आहे ही, आत्या. घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची तुमची रीत आलीय यात.”

म्हाकूबाई ताठ झाली. मागं एका रंगीत मासिकाची बाई हीच रीत विचारून गेली आणि स्वतःच्या नावावर छापून मोकळी झाली होती. “म्हणजे तूही तसलीच!”

“इथं तसं चालत नाही. ज्याच्याकडून कळलं, त्याचं नाव द्यावंच लागतं.” सुनेनं पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

एकेक अक्षर लावत म्हाकूबाईनं स्वतःचं नाव वाचलं. डोळे भरले, तशी ती खेकसली, “मुंगीएवढं छापलंय, भवाने!” आणि सुनेवरून हात ओवाळून तिनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.