भिंतीवरचं नाव

कॅन्ससमधल्या आमच्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे प्रमुख ब्रॉफीसाहेब आम्हा शिक्षकांना शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, बसवून वर्षाच्या बातम्या सांगत होते. पगारवाढ यंदाही नाही. "इमारतींचा पैसा वेगळा असतो. लोकांनी मतं देऊन तो विटांसाठी मंजूर केलाय, माणसांसाठी नाही." मग साहेब हसले. "आता गोड बातमी! नव्या वाचनालयाला आपण आपल्या अर्लीनबाईंचं नाव देतोय."

टाळ्या कडाडल्या. पोरांना पुस्तकांची गोडी लावण्यात ग्रंथपाल अर्लीनबाईंची हयात गेली होती. त्या उठल्या, पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"त्या वाचनालयात बसणार कोण, साहेब?"

"म्हणजे?"

"माझी जागा मेपासून बंद, हे परवा तुम्हीच मला केबिनमध्ये बोलावून सांगितलंत ना? की यांना सांगायचं नव्हतं?"

टाळ्या थांबल्या. साहेबांनी माईक खाली घेतला. "बाई, ते आपण नंतर बोलू. हा तुमचा सन्मान आहे."

"सन्मान? भिंतीवर मी चालते आणि खुर्चीत चालत नाही? काढा ते नाव! माणूस मेल्यावर लावतात अशी नावं. मी अजून जिवंत आहे."

साहेब घाम पुसत अगदी काकुळतीने म्हणाले, "पण बाई, अक्षरं बनून आलीत. पितळेची आहेत. ती आता परत घेत नाहीत."