नावाडी घरी आला होता

"बाबा, बाईचा आवाज लावू की पुरुषाचा?" मुलीनं टॅबलेटवर बोट फिरवत विचारलं.

"बाईचाच लाव, सवय आहे," घड्याळजी म्हणाले. डोळे गेले होते, तरी कुणी बोललं की त्यांची मान त्या बाजूला वळायची. "फक्त ही मध्येच चहा टाकायला उठणार नाही ना, तेवढं बघ."

बायको हसली. दुपारी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं, हे आजवर तिचं काम. हल्ली घसा बसायचा, म्हणून तिनंच मुलीमागे लकडा लावला होता. सकाळपासून तीन ॲप लावून काढून टाकली. एक पळतच सुटलं, एक अडखळत राहिलं, तिसरं पूर्णविरामालाही थांबेना.

"हे चौथं बरं दिसतंय. तुमचं नावाड्याचं पुस्तक मिळालं बघा यात. शेवटचं पान लावते."

अभ्र्याला बटण लावणारा बायकोचा हात थांबला. "शेवटचं कशाला? पहिलं लाव की."

"आई, नुसता आवाज तर बघतोय गं."

यंत्रातली बाई स्वच्छ, बिनघोर आवाजात वाचू लागली. वादळ शमलं. होडी रिकामीच किनाऱ्याला लागली. नावाड्याची बायको कंदील घेऊन उभीच राहिली, आणि पुस्तक संपलं.

"काय सुरेख वाचते!" म्हणत मुलगी चार्जर आणायला आत गेली.

घड्याळजींनी मान बायकोकडे वळवली. म्हणाले, "तू वाचलंस तेव्हा तो घरी आला होता."

"तुमचे डोळे नुकतेच गेले होते तेव्हा. घरात अंधार काय कमी होता?"

"त्याच्या ओल्या कपड्यांचं पाणी दारात ठिबकत होतं. तेही तुझंच?"

"हो."

"छान होतं ते."

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. सुई पुन्हा उचलली.

"आगगाडीच्या पुस्तकातली ती आजारी पोर," त्यांनी विचारलं, "ती बरी झाली होती ना?"

तिनं सुई अभ्र्यात खुपसून ठेवली.

"आणि ते दोघे भाऊ? भेटले होते शेवटी?"

"अहो, मी वाचते ना. आज घसा बरा आहे माझा."

"नको. तू दमतेस," ते हळूच म्हणाले, आणि मान टॅबलेटकडे वळवून बसले.