इरल्यातला माणूस

“दात बघ ना काकांचे! फ्लॅट घ्यायला आलेत की राखायला?” अपूर्वा म्हणाली आणि ऑफिसभर हशा पिकला. जुईलीही हसली. सगळ्यांत उशिरा हसली आणि सगळ्यांत उशिरा थांबली.

पडद्यावर तिचे वडील होते, आबा.

पाऊस अडवायला डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं पांघरलेले, चिखलात गुडघाभर उभे, हातात भाताच्या रोपांची जुडी. तोंडभर हसू आणि हसण्यात दोनच दात. निषाद परवा हिरवाईचे फोटो काढायला भरे गावाकडे भटकला होता, तेव्हा बांधावरून त्यानं हा टिपला. भुकूमच्या नव्या घरांच्या जाहिरातीचा मेल सकाळीच गिऱ्हाइकांना गेला होता. वर हाच फोटो.

“काकांनाही पाठवलाय मेल,” निषाद म्हणाला. “मागेच लागले, मला बी दाव म्हणून.”

ऑफिसची इमेज लायब्ररी जुईलीच्या हातात होती. कुठला फोटो चढवायचा, कुठला उतरवायचा, ते तिनंच बघायचं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की ती ‘बिझनेस’ म्हणायची आणि विषय बदलायची.

सगळे जेवायला उठले तसा तिनं तो फोटो निवडला. पडद्यावर सूचना आली : हा फोटो डिलीट केल्यास पाठवलेल्या मेलमध्येही दिसणार नाही. डिलीट करायचा? तिनं मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. बटण दाबलं. इरलं गेलं, रोपं गेली, हसू गेलं. राखाडी चौकोन उरला.

संध्याकाळी ती घरी पोचली तर पडवीत माणसं जमलेली. मधोमध आबा, धुतलेला सदरा घालून, मोबाइल हातभर लांब धरून.

“हितंच व्हतो की मी. सकाळी दिसत व्हतो.”

“दिसत व्हता म्हनं!” शेजारचा नथू खिदळला. “बहिरू, सपान पडलं का रं तुला?”

समोरच्या घरातल्या चंद्राबाईनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला. आबाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मोबाइल धोतराला पुसला, पुन्हा पाहिला.

“जुई, बघ गं बाय. बिघडलंय का काय ह्ये?”

नेट नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिला तेही म्हणवेना. माणसं पांगली, तशी ती आबांच्या पायाशी बसली. लावणीच्या चिखलानं त्यांची बोटं बेचक्यांत सोलवटली होती.

“आबा, तो फोटो मीच पुसला.”

आबा मोबाइलकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“का गं?” ते हळूच म्हणाले. “त्या पोराच्या शर्टावर तुझ्या हापिसाचं नाव व्हतं. म्हनून तर मी तुझा बाप हाय, ह्ये सांगितलंच न्हाई त्याला.”