सूरजचा शब्द

आमच्या बिरवाडीच्या खोलीचा मालक सूरज, फार हुशार माणूस. खोली भाड्यानं घेताना मी म्हटलं, नीट राहीन, माझा शब्द हाय. तर हसला. "आजी, शब्दाला कोण विचारतं? कागद पायजे." महाडला नेऊन तीन वर्षांच्या करारावर माझा अंगठा घेतलान.

वर्ष सरतंय तोच काल खोली विकायला गिऱ्हाईक घेऊन आला. न विचारता त्याला माझ्या शेगडीपर्यंत फिरवलान. वर मलाच सांगतो, "महिन्याभरात खोली रिकामी करा, आजी. मी ह्यांना शब्द दिलाय."

मी पेटीतला कागद काढून गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "अजून दोन वर्षं आजींना हलवता येणार नाय," म्हणत त्यानं चपला घातल्या.

 

"सूरज, शब्दाला कोण विचारतं रे?"