बाबांची दाढ

दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आसावरीने बाबांची दाढ जोडाची ताकद मोजणाऱ्या यंत्रात बसवली. तीत चारदा सिमेंट भरलं, चारही वेळा निघालं, शेवटी ती उपटावीच लागली. आता तिच्यावर द्राक्षबियांचा अर्क मिसळलेल्या गोंदाने नवं सिमेंट चिकटवलं होतं.

यंत्र दोन्ही बाजूंनी ओढू लागलं. कट्कन आवाज झाला.

"गेलं, पुन्हा सुटलं!" तिने डोळे मिटून घेतले.

"रडतेस काय? भिंगातून बघ," तिच्या मार्गदर्शक टिकेकर मॅडम म्हणाल्या.

जोड शाबूत होता. तुटली होती ती दाढ.

तिने तिथूनच फोन लावला. "बाबा, तुमची दाढ मोडली, पण सिमेंट हललं नाही!"

बाबा म्हणाले, "डावीकडची दाढही उद्या उपटून टाकणार होतो. राहू दे. ती तू भर."