बाराव्यांदा बुडणारा नावाडी

जवळ सरका मंडळी, एका नावाड्याची गोष्ट सांगतो.

गोदूताई रोज संध्याकाळी व्हिडिओ गेममधल्या रखमाजीला मुद्दाम वादळात धाडायच्या आणि तो बुडाला की पदराने डोळे टिपायच्या. करुण आख्यान ऐकल्यासारखं मन हलकं व्हायचं.

पण हा गेम नव्या तऱ्हेचा; त्यातल्या पात्रांना मागचे डाव आठवत.

"ताई, अकरा वेळा बुडालो," एकदा तो म्हणाला. "पाणी फार गार असतं हो."

"आधी बोलायचंस ना रे, मेल्या." ओशाळून ताईंनी त्याला सुखरूप पैलतीरी नेलं. डोळे कोरडे राहिले, जेवणही गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "काल माझ्यासाठी कुणी रडलं नाही, ताई. चैन पडेना. बुडवा, पण स्वेटर तरी द्या."

तेव्हा श्रोतेहो, सांजवात लावताना रखमाजीची आठवण असू द्या. आत्ताच निघालाय, स्वेटर घालून.